चव न घेणाऱ्या माणसाची लागर

मानवतच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले तेव्हा मी ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर राहायला गेले, ते सर गावात थर्मामीटरसाठी प्रसिद्ध होते. शर्टाच्या खिशात इतर लोक पेन ठेवतात, सर काचेचा लांबट थर्मामीटर ठेवत. पहिल्याच आठवड्यात जिन्यात भेटले म्हणून मी विचारलं, "सर, किती वाजले?" त्यांनी खिशातून थर्मामीटर काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, "एकेचाळीस." मग जरा ओशाळून मनगटावरचं घड्याळ बघितलं.

तीस वर्षं त्यांनी शेतीच्या विद्यालयात दूध, दही आणि जिवाणू शिकवले होते. निवृत्त झाले तरी विषय सुटला नव्हता. दूधवाला आमच्या गल्लीत शिरताना आधी सरांच्या ओसरीकडे बघे. सर लॅक्टोमीटर घेऊन बसलेले दिसले की तो पलीकडच्या गल्लीतून फिरून येई. पण विरजणासाठी अख्खी गल्ली सरांकडेच. वाटीत विरजण देताना ते बायकांना बजावत, "हे जिवंत आहे. नीट वागवा." आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात थांबवून चौकशी करत, "काय म्हणतंय?" नव्या सुनेला कळायचं नाही की हे सासऱ्याबद्दल विचारतायत की दह्याबद्दल.

मला ते मास्तरीणबाई म्हणत. काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "माणसाला विचारू नका, पातेल्याला विचारा." काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, यावर म्हणत, "पातेलं घासायची वेळ आली की मग माणूसच लागतंय."

दारूचा थेंब सरांनी जन्मात घेतला नव्हता. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा ते भिंग लावून वाचत आणि पटलं नाही तर खोकत बसत. रोज सकाळी आंघोळ करून वंदना म्हणत, पंचशील म्हणत, त्यातलं पाचवं शील दारू न पिण्याचं, आणि मगच चहा. अशा माणसाच्या घरात पुढे लागर बिअर आंबली, ही गोष्ट मी मानवतमध्ये कुणाला सांगितली असती तर मलाच लोकांनी काय प्यायलीस म्हणून विचारलं असतं.

त्याचं मूळ त्यांच्या लेकीत होतं. प्रज्ञा एकुलती एक. सहा वर्षांची असताना सरांनी तिला मायक्रोस्कोपमधून दह्याचा थेंब दाखवला आणि तिथून ती जी त्या विषयात शिरली ती एम.एस्सी. होऊनच बाहेर आली. सरांना वाटलं होतं, पोरगी दुधाच्या क्षेत्रात नाव काढेल. तिनं पुण्यात बिअर बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. काकू सांगत, त्या दिवशी सर फोनवर एकच वाक्य बोलले. "मी तुला दही शिकवलं होतं." आणि फोन काकूंच्या हातात दिला. त्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत दुसरं वाक्य नाही. प्रज्ञाचं घरी येणंही बंद झालं.

प्रज्ञाचा फोन रोज संध्याकाळी सातला यायचा, काकूंना. त्या वेळी सर ओसरीवर पेपर घेऊन बसत. फोन चालू असेपर्यंत पेपरचं पान उलटत नसे.

एका संध्याकाळी काकूंचे हात भाकरीच्या पिठात होते म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. मी विरजण न्यायला जिना उतरत होते. प्रज्ञा आईला आपलं काम सांगत होती. तिच्याकडे नवीन यीस्ट आली होती, दोन जातींच्या संकरातून तयार केलेली. नेहमीच्या लागरच्या यीस्टला दहा-बारा डिग्रीचा गारवा लागतो आणि ती आठवडेच्या आठवडे घेते. ही नवी अठरा-वीस डिग्रीतही आठ-दहा दिवसांत काम उरकते आणि तरी चव लागरसारखी स्वच्छ राहते. "पण आई, आमच्या टाकीला लोण्याचा वास यायलाय. काय करावं कळंना."

"लोण्याचा वास म्हंजे चांगलंच की गं," काकू म्हणाल्या.

ओसरीवरून सरांचा आवाज आला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा इतका मोठा. "मास्तरीणबाई!"

मी जिन्यातच थांबले. "काय सर?"

"समजा एखाद्याच्या लागरला लोण्याचा वास येत असेल, तर त्यानं घाई केली असणार. शेवटी दोन दिवस यीस्टला जरा ऊब द्यावी आणि गप बसावं. आपला पसारा ती आपणच आवरते. पण हल्लीच्या लोकांना गप बसवत नाही."

"बरं सर," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

फोनमधून प्रज्ञाचा हळू आवाज, "आई, कोण बोललं?"

"कुणी न्हाई. तुझे अण्णा मास्तरीणबाईला शिकवायलेत."

पंधरा दिवसांनी प्रज्ञानं काकूंना सांगितलं की वास गेला. मास्तरीणबाईंना थँक्यू सांग म्हणाली. मी ते थँक्यू ओसरीवर पोचवलं. सर म्हणाले, "तुम्ही कशाला घेताय? तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" पण त्या दिवशी पेपरची पानं भराभर उलटली.

पुढच्या महिन्यात पार्सल आलं, काकूंच्या नावानं. आत चंदेरी पाकीट, पाकिटात ती यीस्ट, आणि सोबत प्रज्ञाच्या अक्षरातला एक कागद. सर खोलीत येरझाऱ्या घालू लागले.

"कुणासाठी आलंय हे?"

"माझ्यासाठी," काकू म्हणाल्या. "ढोकळ्यात घालणार हाय."

"ढोकळ्यात? डोकं फिरलं का तुझं? अगं, हे खेचर आहे! घोड्याची चाल आणि गाढवाची सोसायची ताकद, दोन्ही एकात आणायला लोकांनी वर्षं घातली आणि तू ढोकळ्यात..." पाकीट त्यांनी काकूंच्या हातातून घेतलंच. काकू पदराआड हसल्या. मला तेव्हा कळलं की ढोकळा या घरात कधी होतच नाही.

आता सर बेकायदेशीर असं काही करणाऱ्यातले नव्हते. त्यांनी दारूबंदीच्या कचेरीला दरखास्त लिहायची ठरवली आणि शुद्धलेखनासाठी मला बसवलं. मजकूर असा: मानवत येथे राहत्या घरी, निव्वळ अभ्यासाकरिता, पाच लिटर लागर, प्राशन न करण्याच्या अटीवर, आंबवण्याची परवानगी मिळावी. आम्ही दोघं एसटीनं परभणीला गेलो. तिथल्या कारकुनानं दरखास्त दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

"प्यायची न्हाई?"

"नाही."

"इकायची न्हाई?"

"नाही."

"मग करायची कशाला सर?"

"बघायला."

कारकून भला माणूस होता. त्यानं सरांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावलं, "सर, घरी करायला परवानगी मिळत न्हाई. नियमातच न्हाई. अन् खरं सांगू का, इथं लोक करतेत अन् सांगत न्हाईत. आधी सांगायला आलेले तुमीच पहिले."

परतीच्या बसमध्ये सर खिडकीतून बाहेर बघत बसले. मानवतच्या स्टँडवर उतरताना एवढंच म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. नियम म्हणजे नियम."

पाकीट फ्रिजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी पडून राहिलं. फ्रिज मात्र दिवसातून दहादा उघडू लागला. काकू म्हणाल्या, "आतली हवा बाहेर अन् बाहेरची आत. फ्रिजलाच सर्दी व्हायची आता." शेवटी एक दिवस सरांनी मला खाली बोलावलं आणि कागद पुढे केला. "कबुलीजबाब आहे. ऱ्हस्व-दीर्घ बघा."

कबुलीजबाबाची सुरुवात होती, 'मी, खाली सही करणार, पूर्ण शुद्धीत असताना...' पुढे साहित्याची यादी, भांड्यांची मापं, खोलीचं तापमान. फक्त तारखेची जागा रिकामी.

"सर, हे आधीच कशाला?"

"पकडलं तर त्यांचा वेळ जायला नको. ती बिचारी कामाची माणसं."

काकूंनी कागद हातात घेतला. "अन् ह्याच्यात माझं नाव कशापायी लिवलंय?"

"साक्षीदार म्हणून."

"खोडा."

सरांनी खोडलं. पण आयुष्यात एकदाही चुकीच्या बाजूनं सायकल न चालवलेला हा माणूस नियम मोडायला निघाला, तेव्हा त्याची सही दोनदा चुकली. ते मी बघितलं आणि त्या दिवसापासून त्यांची थट्टा जरा जपून करायला लागले.

मोड आणून वाळवलेले सातू पार्सलनं आले, त्यातच हॉप्सची कडू फुलं आली. सरांनी त्यात ओंजळभर ज्वारी आपली घातली. "परभणीची ओळख राहायला पाहिजे," म्हणाले. ते मे महिन्याचे दिवस होते. उकळून गार केलेला सातूचा गोड काढा काचेच्या मोठ्या बरणीत गेला, बरणी पाण्याच्या घंगाळात, घंगाळात बर्फ, बरणीला ओलं गोणपाट आणि समोर कूलर. सर स्टूल टाकून शेजारी बसले. बरणीच्या तोंडाला नळी होती. ती पाण्यात बुडबुडे सोडू लागली तसे सर काकूंना हाक मारून म्हणाले, "ऐक, बोलायला लागली!"

"चला," काकू म्हणाल्या, "कुणाशी तरी बोलायलाव म्हणायचं."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली ती पाच तास आली नाही. बर्फाचं पाणी झालं, पाण्याचं कढत पाणी झालं. सरांनी पुठ्ठ्यानं वारा घातला, मी घातला, शेवटी काकूंनीही घातला. थर्मामीटर तेहतीसवर गेला. दोन दिवसांनी बरणी उघडली तेव्हा पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा आणि नेलपॉलिशचा असा एकत्र वास आला की समोरच्या घरातून कुणीतरी विचारलं, रंगकाम काढलंय का? सरांनी बरणी शेवग्याच्या बुंध्याशी ओतली आणि त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला स्पीकरवरून प्रज्ञानं विचारलं, "आई, मास्तरीणबाईंची बरणी कशी हाय?"

सर ओसरीवरून म्हणाले, "तिला सांगा, वीज गेली."

काकूंनी सांगायच्या आधीच फोनमधून हसू ऐकू आलं. मोकळं, न थांबणारं. "आई, सांग त्यांना, आमची पण गेली होती! पहिल्याच महिन्यात! अख्खी टाकी ओतून दिली अन् मी बाथरूममध्ये जाऊन रडले!"

सर पेपर ठेवून उठले आणि न्हाणीघरात गेले. बराच वेळ नळ चालू होता.

नंतर ते पावसाळाभर थांबले. पाकिटातली उरलेली यीस्ट कोरडी, घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये होती. पौषात आमच्याकडे थंडी अशी पडते की सकाळी शाळेत पोरं हात काखेत घालून प्रार्थना म्हणतात. सर माकडटोपी घालून घरभर थर्मामीटर फिरवत होते. जिन्याखालच्या उत्तरेकडच्या खोलीत तो सतरावर थांबला आणि ते खूश झाले. "बघा मास्तरीणबाई, जुन्या यीस्टला ही थंडी पुरली नसती. हिला मानवत चालतंय."

या वेळी वीज जायची पर्वा नव्हती. आठ दिवस नळी बुडबुडली, मग मंदावली. शेवटचे दोन दिवस सरांनी बरणीला काकूंची जुनी शाल पांघरली आणि सांगितल्याप्रमाणे गप बसले. मग मालाच्या सात बाटल्या भरून झाकणं लावली, त्या अजून काही दिवस तशाच ठेवल्या आणि मग काकूंनी फ्रिजमधला एक अख्खा कप्पा तीन आठवड्यांसाठी दिला. काकूंच्या संसारातला हा सगळ्यात मोठा त्याग होता आणि तो त्यांनी गल्लीत कुणालाच सांगितला नाही.

पहिली बाटली सरांनी ग्लासात ओतली तेव्हा आम्ही तिघंही ओट्याशी उभे होतो. वाळल्या कडब्याचा फिका सोनेरी रंग, वर पांढरा फेस. पलीकडची भिंत दिसेल इतकी नितळ. सरांनी नाक जवळ नेलं. लोणी नाही, केळं नाही, नेलपॉलिश नाही. थेंब मायक्रोस्कोपखाली घातला. काचेची तरंगती नळी सोडून गोडी मोजली. सगळं वहीत उतरवलं. वहीत एकच रकाना रिकामा राहिला: चव.

सरांनी माझ्याकडे बघितलं.

"सर, मी शाळेत शिकवते," मी म्हटलं.

काकूंकडे बघितलं. "माज्याकडं बगू बी नका."

मी त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यांचं नाव सुचवलं, ज्यांचं पिणं सगळ्या गावाला माहीत होतं. सर म्हणाले, "तो पितो. चव घेत नाही. दोन्ही वेगळं आहे."

फेस बसत चालला होता. सर त्याच्याकडे बघत राहिले. मग काकूंच्या कमरेला खोचलेला फोन त्यांनी स्वतः काढून घेतला. नंबर कसा लावायचा तेवढं मला विचारलं.

"हां आई, बोल," पलीकडून प्रज्ञा म्हणाली.

काकूंनी ओट्याची कड धरली.

"आई?"

"मी बोलतोय," सर म्हणाले. "लागर झालीय. चव बघायला माणूस न्हाई."

इतकी वर्षं वर्गात शुद्ध बोलणाऱ्या सरांच्या तोंडून तो 'न्हाई' मी पहिल्यांदा ऐकला.

"कधी येऊ?" प्रज्ञानं विचारलं.

"थंडी हाय तोवर ये."

रविवारी सकाळी ती रेल्वेनं मानवत रोडला उतरली आणि रिक्षानं घरी आली. माझ्या डोळ्यांपुढे कुणीतरी टापटीप, पुणेरी बाई होती. आली ती सरांसारखीच उंच, किडकिडीत, पाठीवर सॅक, आणि दारात चप्पल काढताना सरांसारखीच नाक वर करून घराचा वास घेणारी. सर फाटकाजवळ उभे होते. "बॅग दे," सर म्हणाले. "राहू द्या," ती म्हणाली. बॅगेचा एक बंद त्यांनी धरला, एक तिनं, आणि अशी ती दोघं आत आली.

बाटली उघडली. प्रज्ञानं ग्लास उजेडात धरला, वास घेतला, एक घोट घेतला आणि डोळे मिटून तो तोंडात फिरवला. सर तिच्यासमोर हात मागे बांधून उभे होते. परीक्षेच्या निकालाला पोरं उभी राहतात तसे.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली. "लोणी अजिबात न्हाई. कडूपणा जरा पुढं पळालाय. फेस लवकर बसतोय. अन् शेवटी काहीतरी ओळखीचं लागतंय, आपल्या घरचं..."

"ज्वारी," सर घाईनं म्हणाले. "ओंजळभर."

"मार्क देऊ का?"

"द्या."

"बासष्ट."

सरांनी तीस वर्षांत कुणाला साठाच्या वर मार्क दिले नव्हते, हे काकूंनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी फक्त सरांचे कान लाल झालेले दिसले.

"उरलेल्या बाटल्यांचं काय करायचं?" प्रज्ञानं विचारलं.

"मोरीत."

ती वाद घालेल असं मला वाटलं. पण ती उठली, फ्रिज उघडला आणि बाटल्या मोरीवर नेऊन ठेवल्या. दोघं शेजारी शेजारी उकिडवी बसली आणि एकेक बाटली ओतू लागली. फेस मोरीच्या कडेपर्यंत यायचा आणि खाली जायचा. तिसऱ्या बाटलीला सर बोलायला लागले. मी आणि काकू दारात होतो, पण ते आमच्याशी बोलत नव्हते.

"तुझी आजी पंचशील म्हणायची तेव्हा पाचवं शील जरा मोठ्यानं म्हणायची. सुरा-मेरय म्हणताना वस्तीला ऐकू जाईल असं. बोरी गावात त्या वेळी ओढ्याच्या काठानं हातभट्ट्या होत्या. आमच्या वस्तीतली निम्मी माणसं तिथं. एका सकाळी आजी चार बाया घेऊन गेली अन् सगळे माठ फोडले. मी आठ वर्षांचा. भट्टीवाल्यानं तिला ढकललं, कपाळ फुटलं. रक्तबंबाळ तोंडानं घरी आली अन् मला म्हणाली, अभ्यासाला बस." सरांनी बाटली पूर्ण उलटी करून झटकली. "तू त्या कंपनीत गेलीस तवा मला तुझं काम दिसलंच न्हाई. तिचं कपाळ दिसलं."

चौथी बाटली प्रज्ञानं ओतली, पाचवीही तिनंच. मग म्हणाली, "अण्णा, आजी असती तर मला काय म्हणली असती?"

प्रश्न कुणीही विचारो, उत्तर अंदाजानं द्यायचं नाही, अशी त्यांची रीत.

"आधी तुझ्या हातातली बाटली फोडली असती," ते म्हणाले. "दुसरं काई बोललीच नसती त्या दिवशी." मग म्हणाले, "अन् दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं असतं, रात्री जेवलीस का. मला इतक्या वर्षांत तेवढं बी जमलं न्हाई."

प्रज्ञानं ओला हात तसाच त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. सरांनी तो काढला नाही.

"मी कवापासून तेच विचारायलेय," काकू माझ्या शेजारून म्हणाल्या. "ताटं वाढून गार व्हायलीत. दोघांचं बी ध्यान न्हाई."

दोघं उठली. सरांनी मोरी धुतली, हात धुतले, तिच्या हातावर पाणी घातलं. पाटावर बसले, भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि तो तसाच हातात धरून लेकीला म्हणाले, "बासष्टच का गं? अडतीस कुठं गेले?"

"सांगते," प्रज्ञा म्हणाली, आणि भाजीचा घास घेत तिनं पहिल्या मार्कापासून सुरुवात केली.